भाषाजिज्ञासा : पहिली परकी भाषा कोणती निवडावी?

परकी भाषा शिकू इच्छिणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली असून त्यांतील बहुतेकांचा मुख्य प्रश्न एकच आहे : नवशिक्याने सुरुवात करावी अशी सोपी भाषा कोणती? त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. परकीय भाषांतील उदाहरणे वाचकांच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिली आहेत. मूळ उच्चार त्यांवरून जेवढा कळतो तेवढाच कळेल, हे गृहीत धरावे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. इंटरनेटवर पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक यादीत स्पॅनिश, इटालियन, डच आणि नॉर्वेजियन या भाषा सर्वांत सोप्या, तर जपानी, कोरियन, चिनी आणि अरबी सर्वांत अवघड असे म्हटलेले असते. मराठी माणसाने या याद्या प्रमाण मानाव्यात का?

उत्तर : जशाच्या तशा मानू नयेत. यांतील बहुतेक याद्यांचे मूळ एकाच ठिकाणी आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट ही संस्था आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना परकीय भाषा शिकवते आणि कामकाजापुरते प्रावीण्य येण्यास किती आठवडे लागतात, याच्या दीर्घ अनुभवावरून तिने भाषांचे गट पाडले आहेत. स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज, डच, स्वीडिश यांसारख्या भाषांना सुमारे २४ ते ३० आठवडे, जर्मन, इंडोनेशियन व स्वाहिली यांना सुमारे ३६, रशियन, फारसी, तुर्की यांना सुमारे ४४ आणि अरबी, चिनी, जपानी, कोरियन यांना सुमारे ८८ आठवडे, असा तो हिशेब आहे. हे आकडे विश्वासार्ह आहेत. पण ते ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा प्रौढ विद्यार्थ्यांचे आहेत आणि ते विद्यार्थी पूर्ण वेळ दुसरे काहीही न करता भाषाच शिकत असतात. याद्यांची नक्कल करताना नेमकी हीच अट गळून पडते.

ही अट किती महत्त्वाची आहे ते पाहायचे असेल तर त्याच तक्त्यात हिंदी कोठे आहे ते पाहावे. ती रशियन आणि फारसीच्या बरोबरीने ४४ आठवड्यांच्या गटात आहे. मराठी माणसाला हिंदीसाठी ४४ आठवड्यांच्या वर्गाची गरज पडत नाही, हे सांगायला नको. भाषेचा सोपेपणा हा त्या भाषेचा अंगभूत गुण नसतो. आपल्याला आधीपासून येणाऱ्या भाषांपासून ती किती अंतरावर आहे, यावर तो ठरतो. आणि मराठी वाचकाजवळ सामान्यतः एक नव्हे, तर मराठी, हिंदी आणि कमीअधिक इंग्रजी अशा तीन भाषांचे भांडवल असते. ते हिशेबात धरले की यादीचा क्रम बराच बदलतो.

स्पॅनिशचेच उदाहरण घेऊ. ती आपल्यालाही सोपी जाते, पण तिची कारणे निराळी आहेत. इंग्रजी भाषकाला तिच्यातील शब्द ओळखीचे वाटतात म्हणून ती सोपी. ती सोय इंग्रजी जाणणाऱ्या मराठी माणसालाही मिळतेच. त्याखेरीज स्पॅनिशचे पाच स्वर मराठीच्या आ, ए, इ, ओ, उ यांच्या अगदी जवळचे आहेत, तिचे त आणि द दंत्य आहेत, आणि लिहिलेला शब्द बहुतांशी लिहिल्याप्रमाणेच उच्चारला जातो. याहून मोलाची गोष्ट वाक्यरचनेत आहे. ‘मला पुस्तक आवडते’ हे वाक्य इंग्रजी भाषकाला स्पॅनिशमध्ये बांधताना पुष्कळ दिवस अडखळावे लागते, कारण त्याच्या भाषेत आवडून घेणारा माणूस कर्ता असतो. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल लिब्रो’ म्हणतात : ‘मे’ म्हणजे मला, ‘गुस्ता’ म्हणजे आवडते. पुस्तके अनेक असली की ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ होते, जसे मराठीत ‘आवडते’चे ‘आवडतात’ होते. क्रियापद माणसाप्रमाणे न बदलता आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते, ही कल्पना मराठी विद्यार्थ्याला समजावून सांगावीच लागत नाही.

दुसरे उदाहरण पाहा. ‘मी पुस्तक पाहतो’ आणि ‘मी मारियाला पाहतो’ या दोन वाक्यांत आपण माणसाला ‘ला’ लावतो, पुस्तकाला लावत नाही. स्पॅनिशमध्येही ‘वेओ एल लिब्रो’, परंतु ‘वेओ आ मारिया’. तो ‘आ’ माणसासाठीच येतो. तसेच ‘बोलतोस’ म्हटले की ‘तू’ वेगळे सांगावे लागत नाही, त्याप्रमाणे स्पॅनिशमध्ये ‘आब्लास’ पुरते. भूतकाळातील ‘मी बोललो’ आणि ‘मी बोलायचो’ हा भेद स्पॅनिशमध्ये दोन स्वतंत्र काळांनी दाखवतात आणि इंग्रजी माध्यमाची पुस्तके त्यावर प्रकरणे खर्च करतात; मराठीतून विचार करणाऱ्याला तो भेद आरंभापासून जाणवतो.

अडचणी नाहीत असे मात्र नाही. ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदे आहेत, सेर आणि एस्तार, व त्यांतील निवड सवयीनेच जमते. इच्छा, शंका, अपेक्षा व्यक्त करणाऱ्या वाक्यांत क्रियापदाची निराळी रूपे येतात आणि ती पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. शब्दयोगी अव्यये नामाच्या आधी येतात, हेही अंगवळणी पडायला वेळ लागतो. तरीही एकच नाव सांगा असा आग्रह असेल, तर शिकण्याची साधने विपुल असलेली, विसाच्या आसपास देशांत राजभाषा असलेली आणि पहिल्या काही महिन्यांतच बोलण्याचा आत्मविश्वास देणारी म्हणून मी स्पॅनिशचेच नाव घेईन.

प्रश्न : मी नुकताच सेवानिवृत्त झालो आहे. मला परीक्षा द्यायची नाही किंवा नोकरीही मिळवायची नाही. एखादी परकी भाषा बोलता-वाचता यावी, एवढीच इच्छा आहे. कमीत कमी व्याकरण घोकावे लागेल अशी भाषा सुचवावी.

उत्तर : आपल्यासाठी दोन नावे सुचवतो, आणि ती दोन्ही लोकप्रिय याद्यांत क्वचितच वर असतात.

पहिले नाव इंडोनेशियनचे. ही भाषा रोमन लिपीत लिहिली जाते आणि उच्चार जवळजवळ लिहिल्याप्रमाणे होतात; फक्त इंग्रजी ‘सी’ हे अक्षर नेहमी ‘च’ वाचायचे, असे मोजके संकेत लक्षात ठेवावे लागतात. नामांना लिंग नाही. क्रियापद काळाप्रमाणे, पुरुषाप्रमाणे किंवा वचनाप्रमाणे बदलत नाही. ‘साया मेम्बाचा बुकु’ म्हणजे मी पुस्तक वाचतो. त्यात ‘सुदाह’ घातले की वाचून झाले आणि ‘आकान’ घातले की वाचणार. पुस्तके अनेक आहेत हे मुद्दाम सांगायचे असेल तर ‘बुकु-बुकु’ म्हणायचे, आणि संदर्भावरून कळत असेल तर तेही नाही. शब्दसंग्रहात संस्कृतातून गेलेले पुष्कळ शब्द आहेत : नामा, गुरु, बहासा, मानुसिआ, पुत्रा. अर्थ क्वचित सरकलेला असतो. ‘सुआमी’ म्हणजे पती आणि ‘इस्त्री’ म्हणजे पत्नी. पण एकदा सांगितल्यावर हे शब्द विसरायला होत नाहीत.

या भाषेत मराठी माणसाला एक खास लाभ आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत आपण जो भेद करतो, तो इंडोनेशियनमध्ये ‘कामी’ आणि ‘किता’ असा आहे. ऐकणाऱ्याला वगळून बोलायचे असेल तर ‘कामी’, त्याला धरून बोलायचे असेल तर ‘किता’. इंग्रजी भाषक येथे वर्षानुवर्षे चुकतो. मराठी बोलणारा पहिल्या दिवशी बरोबर बोलतो. पुढे गेल्यावर क्रियापदांना आधी आणि नंतर जोडले जाणारे प्रत्यय लागतात आणि वृत्तपत्रांची भाषा व घरगुती बोलणे यांत बरेच अंतर आहे, हे खरे. तो टप्पा येईपर्यंत आपण साधे संभाषण करू लागलेले असाल. शिवाय ही भाषा बोलणाऱ्या बहुसंख्य लोकांची घरातली भाषा वेगळीच असते. १९२८ मध्ये तेथील तरुणांनी ऐक्याची भाषा म्हणून तिचा पुरस्कार केला आणि स्वातंत्र्यानंतर ती राष्ट्रभाषा झाली. त्यामुळे निरनिराळ्या धाटणीने बोललेली इंडोनेशियन ऐकण्याची तेथील लोकांना सवय आहे आणि नवख्याचे बोलणे ते सहज समजून घेतात.

दुसरे नाव नेपाळीचे. परकी भाषा म्हटली की दूरच्या खंडाकडेच नजर जाते, म्हणून हिचा विचार कोणी करत नाही. लिपी देवनागरी, वाक्याचा क्रम आपल्यासारखा, तत्सम शब्दांचा भरणा मोठा. ‘उसले किताब पढ्यो’ हे वाक्य वाचल्यावर ‘त्याने पुस्तक वाचले’ हा अर्थ लावता येतो, इतकेच नव्हे तर ‘ले’ हा प्रत्यय आपल्या ‘ने’चे काम करतो आहे, हेही ध्यानात येते. मात्र मराठीत क्रियापद पुस्तकाप्रमाणे चालते, नेपाळीत ते कर्त्याप्रमाणे चालते. आदरार्थी रूपांच्या पायऱ्या मराठीपेक्षा अधिक आहेत, त्यांकडे लक्ष द्यावे लागेल. काटेकोरपणे विचारले तर मराठी वाचकासाठी सर्वांत सोपी परकी भाषा हीच आहे, याविषयी मला शंका नाही.

प्रश्न : माझ्या मुलीला शाळेत जर्मन किंवा फ्रेंच यांपैकी एक भाषा निवडायची आहे. जर्मनचे व्याकरण भयंकर असते असे ऐकले आहे. फ्रेंच घेणे शहाणपणाचे ठरेल का?

उत्तर : जर्मनविषयीची ही भीती इंग्रजीतून आलेली आहे. इंग्रजीत नामांना व्याकरणिक लिंग नाही, त्यामुळे टेबल पुल्लिंगी आणि दिवा स्त्रीलिंगी असू शकतो हीच गोष्ट इंग्रजी भाषकाला प्रथम पचवावी लागते. मराठीत तिन्ही लिंगे आहेत आणि तो, ती, ते यांच्या जोडीला जर्मनचे एर, जी, एस सरळ बसतात. शब्दाशब्दाचे लिंग जुळेलच असे नाही. ‘डास बूख’ आणि ‘ते पुस्तक’ दोन्ही नपुंसकलिंगी आहेत, परंतु ‘डेर टिश’ पुल्लिंगी असून आपले टेबल नपुंसकलिंगी आहे. म्हणून प्रत्येक नाम त्याच्या डेर, डी किंवा डास या उपपदासह पाठ करणे हा पहिल्या दिवसापासूनचा नियम ठेवावा. नुसती नामे पाठ केलेल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षी सगळे पुन्हा शिकावे लागते, असे माझ्या पाहण्यात वारंवार आले आहे.

चार विभक्त्यांचेही तसेच. घर, घरात, घराला, घराचा अशी रूपे करणाऱ्या मुलीला विभक्ती म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही; जर्मनमध्ये बदल प्रामुख्याने नामाऐवजी उपपदात होतो, एवढेच सांगावे लागते. वाक्याच्या शेवटी क्रियापद येण्याची जर्मनची रीत तर पुष्कळ पाठ्यपुस्तकांनी संकट म्हणून मांडली आहे. ‘वाइल इख क्रांक बिन’ या उपवाक्याचा शब्दशः क्रम ‘कारण मी आजारी आहे’ असा होतो. मराठी वळणाने विचार करणाऱ्याला यात खटकण्यासारखे काही नाही. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी येते आणि काही क्रियापदांचा आधीचा तुकडा तुटून वाक्याच्या शेवटी जातो, तेथे मात्र सराव लागतो. लेखन नियमित असल्याने शुद्धलेखनाचा जाच फारसा नाही.

फ्रेंचचा स्वभाव याच्या उलट आहे. बांधणी तुलनेने हलकी आणि शब्दसंग्रह इंग्रजीमुळे अर्धा ओळखीचा. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा जो ओघ सुरू झाला, त्याचा फायदा आज इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाला होतो. ‘तू’ आणि ‘व्हू’ यांचा वापरही आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्याशी जुळतो : एका व्यक्तीला आदराने संबोधताना अनेकवचन वापरायचे. कस लागतो तो कानाचा. पार्ल हे क्रियापद मी, तू, तो आणि ते या चौघांसाठी तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहितात, पण उच्चार सगळीकडे ‘पार्ल’ असाच होतो. शेवटची अक्षरे मुकी, शेजारच्या शब्दामुळे ती मध्येच बोलकी, आणि अनुनासिक स्वर एकमेकांच्या अगदी निकट. संख्यांमध्ये सत्तरसाठी साठ-दहा, ऐंशीसाठी चार-वीस आणि नव्व्याण्णवसाठी चार-वीस-दहा-नऊ असे म्हणतात. एकोणऐंशी, एकोणनव्वद म्हणणाऱ्यांनी याला घाबरू नये.

मुलीला नियम समजून घेऊन पायरी-पायरीने पुढे जाण्यात आनंद वाटत असेल तर जर्मन द्यावी. ऐकून नक्कल करण्याची हातोटी असेल तर फ्रेंच. आणि शक्य असेल तर निवड करण्यापूर्वी दोन्ही भाषांतील काही मिनिटांचे संभाषण तिला ऐकवून तिचे मत विचारावे. ज्या भाषेचा आवाज आवडला, ती भाषा टिकते.

प्रश्न : मला जपानीची फार ओढ आहे, पण हजारो चित्राक्षरे शिकावी लागतात हे कळल्यावर धीर होत नाही. कोरियन त्यापेक्षा सोपी आहे का?

उत्तर : जपानीत लिपी आणि भाषा या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. भाषा म्हणून जपानी मराठी माणसाला जितकी जवळची वाटते, तितकी युरोपातील फार थोड्या भाषा वाटतात. ‘वाताशि वा तोमोदाचि नो होन ओ योमिमासु’ हे वाक्य घ्या. वाताशि म्हणजे मी, तोमोदाचि नो म्हणजे मित्राचे, होन म्हणजे पुस्तक, योमिमासु म्हणजे वाचतो. क्रम तोच. ‘नो’ हा ‘चा-ची-चे’सारखा नामानंतर येतो, मात्र त्याला लिंगवचनाचा विकार नाही. ‘योन्दे इमासु’ म्हणजे वाचत आहे. यापुढची गंमत अशी की, ‘वाचून पाहणे’ याला जपानीत ‘योन्दे मिरु’ म्हणतात आणि त्यातील मिरुचा अर्थ पाहणे हाच आहे. ‘वाचून टाकणे’ याच्याजवळ जाणारे ‘योन्दे शिमाऊ’ही आहे. दोन क्रियापदे जोडून अर्थाची छटा दाखवण्याची ही सवय इंग्रजीत नाही, म्हणून इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांत तिच्यावर लांबलचक स्पष्टीकरणे असतात. आपल्याला मराठी प्रतिशब्द सांगितला की पुरे. क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे किंवा वचनाप्रमाणे बदलत नाही, हाही मोठाच दिलासा आहे.

लिपीकडे वळू. हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमाला आहेत आणि प्रत्येकीत मूळ अक्षरे ४६ आहेत. त्यांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ आणि त्यानंतर का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा चालतो. ही मांडणी आपल्या वर्णमालेशी मिळतीजुळती आहे, कारण बौद्ध भिक्षूंनी भारतीय सिद्धम् लिपीच्या केलेल्या अभ्यासाचा तिच्यावर प्रभाव आहे. रोज अर्धा तास दिला तर महिन्याभरात दोन्ही माला वाचता-लिहिता येतात. राहिली कांजी, म्हणजे चिनी मूळ असलेली अक्षरे. जपान सरकारने २०१० मध्ये सुधारलेल्या नित्योपयोगी कांजींच्या यादीत २,१३६ अक्षरे आहेत आणि त्यांतील बहुतेकांना एकाहून अधिक उच्चार आहेत. येथे कष्टाला पर्याय नाही. मात्र ती सर्व पहिल्याच वर्षी लागत नाहीत; जपानी भाषेच्या प्राविण्य परीक्षेच्या एन-५ या आरंभीच्या पातळीला शंभराच्या आसपास अक्षरे आली तरी काम भागते. ती परीक्षा बोलणे तपासत नाही, म्हणून केवळ तिच्यावर विसंबून राहिल्यास वाचता येते आणि तोंड उघडत नाही, अशी अवस्था होते. बोलण्याचा सराव स्वतंत्रपणे ठेवावा.

कोरियनची लिपी मात्र खरोखर सोपी आहे. राजा सेजोंगच्या काळात १४४३ मध्ये ती तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. सामान्य माणसाला लिहिता यावे हा तिच्या निर्मितीमागचा उद्देशच होता. १४ व्यंजने आणि १० स्वर अशी २४ मूळ अक्षरे असून ती जोडून प्रत्येक शब्दावयवाची, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याची, एक चौकट तयार करतात. व्यंजनाला मात्रा जोडण्याची सवय असलेल्या माणसाला ही पद्धत लगेच उमगते. वाक्यरचना जपानीसारखी, म्हणजे आपल्यासारखी. परंतु लिपी सोपी म्हणून भाषाही सोपी असा निष्कर्ष काढू नये. अक्षरे शेजारी आली की उच्चार बदलतात. साधे, महाप्राण आणि ताणून उच्चारलेले असे व्यंजनांचे तीन प्रकार आहेत, त्यांपैकी महाप्राण आपल्याला येतात, ताणलेले शिकावे लागतात. मोजण्यासाठी संख्यांचे दोन संच आहेत. आदरार्थी रूपांचा पसारा दोन्ही भाषांत मोठा आहे.

तुमची ओढ जपानीची आहे, तर जपानीच शिकावी. कोरियन सोपी म्हणून घेतली आणि मन जपानीकडेच राहिले, तर सोपेपणाचा काहीच उपयोग होणार नाही.

प्रश्न : मराठीत फारसी आणि अरबी शब्द इतके आहेत, तर त्या भाषा आपल्याला सोप्या जायला हव्यात. हे बरोबर आहे का?

उत्तर : फारसीच्या बाबतीत बऱ्याच अंशी बरोबर आहे. बाजार, दरवाजा, हजार, जमीन, कागद, शहर, पसंत हे शब्द थोड्या उच्चारभेदाने तेथे भेटतात. क्रियापद शेवटी येते : ‘मन केताब मीखानम’, मी पुस्तक वाचतो. लिंगभेद अजिबात नाही, ‘तो’ आणि ‘ती’ यांनाही एकच शब्द आहे. अडचण लिपीची, ती उजवीकडून डावीकडे लिहितात आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहिलेच जात नाहीत, त्यामुळे शब्द आधी माहीत असल्याशिवाय तो नीट वाचता येत नाही. उर्दू वाचता येत असेल तर हा अडथळाही उरत नाही.

अरबीचे तसे नाही. वकील, तारीख, हिशेब असे शब्द ओळखीचे असले तरी तीन व्यंजनांच्या धातूभोवती शब्द घडवण्याची तिची रीत आपल्या कोणत्याही भाषेत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे ग्रंथांची व बातम्यांची प्रमाण अरबी आणि प्रत्येक देशातील बोलली जाणारी अरबी यांत फार अंतर आहे, त्यामुळे विद्यार्थ्याला प्रत्यक्षात दोन भाषा शिकाव्या लागतात. पहिली परकी भाषा म्हणून मी ती सुचवणार नाही.

प्रश्न : शाळेत संस्कृत चांगले होते. रशियनसाठी त्याचा उपयोग होईल का?

उत्तर : होईल. रशियनमध्ये सहा विभक्त्या आणि तीन लिंगे आहेत. संस्कृतची शब्दरूपे चालवलेल्या विद्यार्थ्याला तक्त्यांची धास्ती वाटत नाही. उपपदे नाहीत, आणि वर्तमानकाळात ‘आहे’ लागत नाही : ‘मोय ब्रात स्तुद्येन्त’, माझा भाऊ विद्यार्थी. ३३ अक्षरांची लिपी दोन-तीन आठवड्यांत येते. खरी कसोटी क्रियापदांच्या जोड्यांची आहे, कारण क्रिया चालू होती की पूर्ण झाली यानुसार बहुधा वेगळे क्रियापद वापरावे लागते. शब्दातील आघात कोठे पडेल हेही प्रत्येक शब्दागणिक लक्षात ठेवावे लागते.

प्रश्न : ‘तीन महिन्यांत अस्खलित बोला’ अशा जाहिराती दिसतात. सोपी भाषा घेतली तर हे शक्य आहे का? चाळिशी उलटल्यावर शिकणे जमते का?

उत्तर : अस्खलित हा शब्द बाजूला ठेवून नेमकी पातळी विचारावी. कौन्सिल ऑफ युरोप या संस्थेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाप्रावीण्याच्या चौकटीत ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या आहेत. स्वतःची ओळख करून देणे, वाट विचारणे, सावकाश बोललेले साधे वाक्य समजणे ही ए-१ पातळी सोप्या भाषेत तीन महिन्यांत नेटाने गाठता येते. कोणत्याही सामान्य विषयावर न अडखळता बोलणे ही बी-२ पातळी आहे आणि तिला वर्षे लागतात. वर सांगितलेल्या अमेरिकी संस्थेचे सर्वांत सोप्या गटाचे वर्गातील तास ६००च्या आसपास जातात. रोज एक तास देणाऱ्याला तेवढे तास भरायला सुमारे वीस महिने लागतील आणि तेही खंड न पडता. जाहिरात करणाऱ्याला कोणत्या पातळीविषयी बोलता, असे विचारले की उत्तर बहुधा मिळत नाही.

वयाविषयी निश्चिंत राहावे. लहान मुलांना उच्चार अधिक चांगले साधतात हे खरे आहे, परंतु नियम समजून घेणे आणि शब्दांचे परस्परसंबंध लावणे यांत प्रौढ विद्यार्थी आरंभी मुलांपेक्षा वेगाने पुढे जातो. त्याला वेळ काढणे जड जाते, म्हणून वेळेची वाटणी महत्त्वाची. शिकलेले किती झपाट्याने विसरले जाते हे हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते, आणि ठराविक अंतराने केलेली उजळणी एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते हेही तेव्हापासून ज्ञात आहे. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोज पंचवीस मिनिटे बसावे. त्यांतील निम्मा वेळ ऐकण्याला आणि ऐकलेले मोठ्याने म्हणण्याला द्यावा. नवे शब्द सुटे न लिहिता वाक्यात लिहावेत, कारण शब्द आठवतो पण वापरता येत नाही ही तक्रार सुट्या शब्दांच्या याद्यांतूनच निर्माण होते.

प्रश्न : स्पॅनिश आणि इटालियन या दोन्ही भाषा एकदम सुरू केल्या तर वेळ वाचेल का?

उत्तर : नाही. त्या एकमेकींना इतक्या जवळच्या आहेत की आरंभी दोन्हींचे शब्द आणि प्रत्यय एकमेकांत मिसळतात आणि कोणतीच नीट येत नाही. स्पॅनिश आणि पोर्तुगीज यांचेही असेच होते. एक भाषा बी-१ पातळीपर्यंत, म्हणजे प्रवासात आणि रोजच्या व्यवहारात स्वतःचे स्वतः निभावता येईपर्यंत न्यावी आणि मग दुसरी हाती घ्यावी. तोवर पहिली पक्की झालेली असल्याने दुसरी निम्म्या श्रमात येते. दोन भाषा एकाच वेळी शिकण्याची हौसच असेल तर त्या वेगळ्या कुळांतील निवडाव्यात, स्पॅनिश आणि जपानी अशा, आणि त्यांतील एकीला आठवड्याचे बहुतेक दिवस द्यावेत.